अमेरिकेतला घटनावाद वाचायचा कसा: एका गुलाबी घरापासून सुरुवात

कनेटिकट राज्यातल्या न्यू लंडन शहरात, फोर्ट ट्रंबुल नावाच्या पाण्याकाठच्या वस्तीत, सुझेट केलो यांचं एक लहानसं गुलाबी घर होतं. १९९७ पासून त्या तिथे राहत होत्या. घराची डागडुजी त्यांनी मन लावून केली होती आणि खिडकीतून दिसणारं पाणी त्यांच्या फार जिव्हाळ्याचं होतं. त्याच वस्तीत विल्हेल्मिना डेरी राहत. त्यांचा जन्म १९१८ साली त्याच घरात झाला होता आणि त्या घराबाहेर त्यांचं आयुष्य कधी गेलंच नव्हतं. शहराची स्थिती मात्र बिकट होती. १९९६ मध्ये नौदलाचं संशोधन केंद्र बंद पडलं आणि दीड हजारांवर नोकऱ्या गेल्या. १९९८ मध्ये फायझर कंपनीनं शेजारीच ३० कोटी डॉलर्सचं संशोधन केंद्र उभारण्याचं जाहीर केलं, तेव्हा शहरानं सुमारे ९० एकरांच्या या पट्ट्याचा कायापालट करायचं ठरवलं. हॉटेल, कचेऱ्या, नवी घरं अशी योजना होती. बहुतेकांनी जागा विकल्या, नऊ जणांनी नकार दिला. त्यांची घरं मोडकळीला आलेली होती असं शहराचंही म्हणणं नव्हतं. योजनेच्या आड येत होती, एवढंच.

प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २३ जून २००५ रोजी ५ विरुद्ध ४ मतांनी शहर जिंकलं.

अमेरिकी राजकारणावरचं कॉन्झर्व्हेटिव्ह आणि लिबर्टेरियन भाष्य वाचायला लागलेल्या प्रत्येकाला मी हा निकाल आधी वाचायला सांगतो. मी स्वतः उलट्या क्रमानं सुरुवात केली होती. आधी टीका वाचली, मग टीकेवरची टीका, आणि मूळ निकाल कित्येक महिन्यांनी. तोवर कोण कुणाशी का भांडतोय हेच उमगत नव्हतं. तुमचे ते महिने वाचावेत म्हणून हा क्रम लिहून ठेवतो आहे.

पहिली पायरी: घटना वाचा, आणि आपल्या सवयी बाजूला ठेवा

अमेरिकेची राज्यघटना म्हणजे ७ कलमं आणि २७ घटनादुरुस्त्या. एका संध्याकाळी वाचून होते. पहिल्या वाचनात चार ठिकाणी खूण करा: पहिल्या कलमाचा आठवा विभाग, ज्यात संसदेला, म्हणजे काँग्रेसला, नेमके कोणते अधिकार आहेत त्यांची यादी आहे, पाचवी घटनादुरुस्ती, नववी आणि दहावी, आणि चौदावी. बहुतेक वाद या चार जागांभोवतीच फिरतात.

भारतीय घटनेवर वाढलेल्या वाचकाला इथे चार ठिकाणी ठेच लागते. आपल्याकडे यादीत नसलेले, उरलेसुरले अधिकार केंद्राकडे जातात. तिथे ते राज्यांकडे किंवा जनतेकडे राहतात, आणि दहावी दुरुस्ती हेच सांगते. म्हणून ‘हा कायदा चांगला आहे का’ या प्रश्नाच्या आधी तिथे ‘हा कायदा करायचा अधिकार काँग्रेसला दिला कुणी’ हा प्रश्न येतो. दुसरं, जनहित याचिका हा प्रकार तिथल्या केंद्रीय न्यायालयांत नाही. ज्याचं प्रत्यक्ष नुकसान झालं आहे त्यालाच दारात उभं करतात. राष्ट्रपतींनी सल्ला मागावा आणि न्यायालयानं द्यावा अशी सोयही नाही. तिसरं, मूलभूत चौकटीचा सिद्धांत तिथे नाही. चौथी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. घटनादुरुस्तीला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं आणि त्यावर ५० पैकी ३८ राज्यांची संमती लागते. दुरुस्ती इतकी अवघड, म्हणून जुन्या शब्दांचा अर्थ लावण्यावरच सगळी लढाई होते आणि नऊ न्यायमूर्तींपैकी एकाची नेमणूकही देश ढवळून काढते.

दुसरी पायरी: तीन शब्द तीन खणांत ठेवा

मराठीत आपण ‘उजवे’ म्हणतो आणि मोकळे होतो. या विषयात त्या एका शब्दानं फार घोटाळा होतो. कॉन्झर्व्हेटिव्ह ही राजकीय वृत्ती आहे: परंपरा, धर्म, कुटुंब, स्थानिक स्वराज्य, सुव्यवस्था यांना जपणारी. लिबर्टेरियन हा स्वातंत्र्याचा विचार आहे: माणसाचं शरीर, श्रम आणि मालमत्ता त्याची स्वतःची, सरकारनं हात लावायचा तर कारण सरकारनं द्यावं. गांजावरची बंदी, परदेशातली युद्धं, स्थलांतरितांवरचे निर्बंध यांबाबत लिबर्टेरियन माणूस कॉन्झर्व्हेटिव्हांशी हमरीतुमरीवर येतो. ओरिजिनॅलिझम हा तिसरा शब्द, आणि ती वाचनाची पद्धत आहे: घटनेतल्या शब्दांना ते लिहिले-स्वीकारले गेले तेव्हा लोक जो अर्थ घेत, तोच अर्थ आजही बांधील. पद्धत एक असली तरी ती वापरणारी माणसं वेगवेगळ्या निष्कर्षांना पोहोचतात. हे पुढे दिसेलच.

कॉन्झर्व्हेटिव्ह आणि लिबर्टेरियन यांच्यातला सांधा कुठे उकलतो ते पाहायचं तर १९०५ चा लॉकनर खटला घ्या. न्यूयॉर्क राज्यानं बेकरी कामगारांकडून आठवड्याला ६० तासांपेक्षा जास्त काम घेण्यास मनाई केली होती. सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ४ मतांनी तो कायदा रद्द केला, कारण मालक आणि कामगाराचं करार करण्याचं स्वातंत्र्य चौदाव्या दुरुस्तीत आहे, असं बहुमताला वाटलं. आज अनेक लिबर्टेरियन अभ्यासक या निकालाची बाजू घेतात. रॉबर्ट बोर्क यांच्यासारख्या कॉन्झर्व्हेटिव्ह न्यायाधीशाला मात्र तो न्यायाधीशांच्या मनमानीचा नमुना वाटे. घटनेत लिहिलेला नाही असा हक्क न्यायाधीशानं शोधून काढायचा नाही, मग तो कितीही गोड वाटो, ही बोर्क यांची भूमिका. नवव्या दुरुस्तीत ‘यादीत नसलेले हक्कही जनतेकडे आहेत’ असं म्हटलं आहे, तिची तुलना त्यांनी कागदावर पडलेल्या शाईच्या डागाशी केली होती. डागाखाली काय लिहिलंय ते दिसत नसेल तर न्यायाधीशानं ते मनानं भरू नये. लिबर्टेरियनांना ही उपमा आजही झोंबते. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी १९८७ मध्ये बोर्क यांचं नाव सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवलं आणि सिनेटनं ते ५८ विरुद्ध ४२ मतांनी फेटाळलं.

या लॉकनर प्रकरणाचा धागा आपल्या घटनेपर्यंत येतो. घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव अमेरिकेला गेले असताना न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांना भेटले. ‘ड्यू प्रोसेस’, म्हणजे रीतसर न्याय्य प्रक्रिया, हे चौदाव्या दुरुस्तीतले शब्द न्यायाधीशांच्या हाती दिले की ते लोकनियुक्त सरकारचे सुधारणा-कायदे मोडीत काढतात, हा अमेरिकेचा अनुभव त्यांनी ऐकला. अखेर आपल्या २१ व्या कलमात ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ असे शब्द आले. डिसेंबर १९४८ मध्ये यावर बोलताना डॉ. आंबेडकरांना निवड फार कठीण वाटली होती. एकीकडे बेबंद कायदेमंडळ, दुसरीकडे पाच-सहा न्यायाधीशांचं वैयक्तिक मत. ते भाषण जरूर वाचा. अमेरिकेतले कॉन्झर्व्हेटिव्ह आणि लिबर्टेरियन ज्या प्रश्नावर आजही भांडतात, तो प्रश्न त्यात मराठी माणसानं नेमका मांडलेला आहे.

तिसरी पायरी: निकालाची चिरफाड

निकालाच्या सुरुवातीला एक सारांश असतो. तो न्यायालयाचा एक अधिकारी तयार करतो आणि तो निकालाचा भाग नाही. बातम्या बहुधा त्यावरूनच लिहिल्या जातात. त्यानंतर बहुमताचा निकाल, मग निष्कर्ष मान्य पण वाट वेगळी असं सांगणारी सहमतीची मतं, आणि शेवटी भिन्नमतं. कोणी लिहिलं आणि कोण कोण त्यात सामील झालं, हे आधी कागदावर मांडून घ्या.

वाचायचा क्रम माझा असा: घडलेली हकिकत, मग न्यायालयापुढचा नेमका प्रश्न, मग भिन्नमत, आणि त्यानंतर बहुमताचा तर्क. हरणारा न्यायमूर्ती बहुमताच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवतो, त्यामुळे बहुमत वाचताना ती जागा चटकन सापडते. तळटीपा सोडू नका. कित्येक वेळा खरा वाद तिथे उकरलेला असतो.

चौथी पायरी: केलो खटला स्वतः चालून पाहा

पाचव्या घटनादुरुस्तीचा शेवटचा भाग म्हणतो की योग्य मोबदला दिल्याशिवाय खासगी मालमत्ता सार्वजनिक वापरासाठी घेता येणार नाही. शब्द ‘वापर’ असा आहे. आपल्याकडच्या भूसंपादनाच्या नोटिशीत ‘सार्वजनिक प्रयोजन’ असं असतं. फरक वाचताना क्षुल्लक वाटतो. रस्ता, धरण, शाळा हे लोकांच्या वापरात येतं. हॉटेल आणि खासगी कचेरी येत नाही, पण त्यातून कर वाढेल, रोजगार येईल, म्हणजे प्रयोजन सार्वजनिक ठरू शकतं.

न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी बहुमतासाठी लिहिताना जुन्या दोन निकालांचा आधार घेतला. १९५४ च्या बर्मन खटल्यात वॉशिंग्टनमधली आख्खी वस्ती झोपडपट्टी-निर्मूलनासाठी घ्यायला परवानगी मिळाली होती, त्यात एक धड चाललेलं दुकानही गेलं. १९८४ च्या मिडकिफ खटल्यात हवाई राज्यानं मूठभर जमीनदारांच्या जमिनी घेऊन भाडेकरूंच्या नावे केल्या. आपल्या कूळकायद्याची आठवण व्हावी असा तो प्रकार. या दोन्हींत ‘वापर’चा अर्थ ‘प्रयोजन’ असा घेतला गेला होता. स्टीव्हन्स यांनी तोच अर्थ पुढे नेला, आणि शेवटी लिहून ठेवलं की राज्यांना स्वतःचे नियम याहून कडक करायचे असतील तर न्यायालय आडवं येणार नाही.

आता भिन्नमतं. न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांचं मत वाचताना हे लक्षात ठेवा की मिडकिफचा निकाल त्यांनी स्वतःच लिहिला होता. त्यामुळे त्यांना दोन गोष्टी एकदम सांभाळायच्या होत्या: आपला जुना निकाल टिकवायचा आणि केलो यांचं घरही वाचवायचं. त्यांची वाट अशी की बर्मन आणि मिडकिफमध्ये त्या मालमत्तेचा आधीचा वापरच समाजाला अपाय करत होता, इथे केलो यांच्या घरानं कुणाचं काय बिघडवलं होतं? तसा अपाय नसतानाही घर घेता येत असेल, तर जास्त पैसेवाल्याला देण्यासाठी कुणाचंही काहीही घेता येईल. न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांना इतकी कसरत करायची नव्हती. त्यांच्या मते वाट चुकली ती जुन्या निकालांतच. ‘वापर’ म्हणजे वापर, आणि ‘प्रयोजन’ हा शब्द न्यायालयानं आपल्या पदरचा घातला. मग ते अशा ठिकाणी जातात जिथे ओकॉनर जात नाहीत: असे बुलडोझर कुणाच्या घरांवर फिरतात? बर्मन प्रकरणात हलवलेल्या लोकांपैकी ९७ टक्क्यांहून जास्त कृष्णवर्णीय होते, हे ते नोंदवतात. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी जुनी संस्था एनएएसीपी या खटल्यात केलो यांच्या बाजूनं उभी होती. केलो यांचं वकीलपत्र मात्र १९९१ मध्ये स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूट फॉर जस्टिस या लिबर्टेरियन संस्थेकडे होतं.

या निकालावरची टीका वाचताना दोन प्रवाह वेगळे काढा. काही कॉन्झर्व्हेटिव्ह टीकाकारांचं दुःख घराबद्दलचं आहे: पिढ्यान्‌पिढ्यांचा उंबरा, शेजार, गाव. त्यांना ओकॉनर पुरेशा वाटतात. लिबर्टेरियन टीकाकाराला घर आणि गोदाम यांत फरक करायचं कारण दिसत नाही. हक्क मालकीचा आहे, भावनेचा नाही, म्हणून तो थॉमस यांच्याबरोबर जातो आणि बर्मन, मिडकिफ दोन्ही मोडीत काढा म्हणतो. तिसरा, लहानसा गट न्यायालयीन संयमवाल्यांचा. योजना मूर्खपणाची असेल, पण ती थांबवणं मतदारांचं काम आहे, न्यायालयाचं नाही. मला स्वतःला थॉमस यांचं वाचन पटतं. तरी जुन्या निकालांशी प्रामाणिक राहिलं तर स्टीव्हन्स जिथे पोहोचले तिथेच पोहोचावं लागतं, हेही मला नाकारता येत नाही.

पुढं काय झालं? ४० हून अधिक राज्यांनी आपले भूसंपादनाचे कायदे बदलले, काहींनी मनापासून, काहींनी नावापुरते. गुलाबी घर उचलून शहरात दुसरीकडे नेऊन बसवलं गेलं. २००९ मध्ये फायझरनं न्यू लंडनचं ते केंद्र सोडण्याचं जाहीर केलं. घेतलेली जागा वर्षानुवर्षं रिकामी पडून राहिली.

पाचवी पायरी: त्याच महिन्यातला दुसरा निकाल

केलोच्या सतराच दिवस आधी, ६ जून २००५ रोजी, रेच खटल्याचा निकाल लागला होता. हे दोन निकाल जोडीनं वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कॅलिफोर्नियानं १९९६ मध्ये जनमतानं औषध म्हणून गांजाला परवानगी दिली होती. केंद्राचा कायदा मात्र बंदी घालत होता. डायन मॉन्सन यांनी घरी लावलेली सहा रोपं केंद्राच्या अधिकाऱ्यांनी उपटून नष्ट केली. रोपं विकायची नव्हती, राज्याबाहेर जायची नव्हती, सारं घरच्या घरी. मग केंद्राला अधिकार कुठून आला? काँग्रेसला ‘राज्याराज्यांमधल्या व्यापाराचं नियमन’ करता येतं, त्या कॉमर्स क्लॉजमधून.

हे कसं, ते समजायला १९४२ च्या विकर्ड खटल्याकडे मागे जावं लागतं. ओहायोतले शेतकरी रॉस्को फिलबर्न यांना केंद्राच्या कायद्यानं ११.१ एकर गहू लावायची मुभा होती, त्यांनी २३ एकर लावला. जादा २३९ बुशेल (धान्याचं एक माप) गव्हावर दर बुशेलला ४९ सेंट असा दंड झाला. गहू बराचसा स्वतःच्या शेतावरच वापरायचा होता. न्यायालय म्हणालं की घरचा गहू खाल्ला म्हणजे तेवढा बाजारातून घेतला नाही, आणि सगळ्याच शेतकऱ्यांनी असं केलं तर देशभरच्या भावावर परिणाम होतो, म्हणून हेही नियमनात येतं. लिबर्टेरियन लेखनात फिलबर्न यांचा गहू पदोपदी येतो. आकडे लक्षात ठेवा, उपयोगी पडतील. पुढे १९९५ च्या लोपेझ निकालात न्यायालयानं शाळेजवळ बंदूक बाळगण्यावरचा केंद्राचा कायदा रद्द केला, आणि १९३० च्या दशकानंतर पहिल्यांदाच या अधिकाराला कुठेतरी शेवट आहे असं दिसलं.

रेचमध्ये केंद्र जिंकलं आणि तो शेवट पुन्हा दूर गेला. बहुमत पुन्हा स्टीव्हन्स यांचं, आणि केलोत त्यांच्याबरोबर असलेले तेच चार न्यायमूर्ती त्यांच्याबरोबर होते. धक्का दिला तो अँटोनिन स्कॅलिया यांनी. ओरिजिनॅलिझमचे सगळ्यांत मोठे पुरस्कर्ते म्हणून नावाजलेले स्कॅलिया केंद्राच्या बाजूनं गेले. व्यापाराचं नियमन परिणामकारक व्हायचं तर त्यासाठी ‘आवश्यक आणि योग्य’ तेवढं स्थानिक नियमनही करता येतं, असा त्यांचा वेगळा तर्क. थॉमस यांनी उलट लिहिलं: हे जर व्यापारात बसत असेल तर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मिळून गोधड्या शिवणंही बसेल, आणि मग केंद्राच्या अधिकाराला सीमा म्हणून काही उरत नाही. दोघे ओरिजिनॅलिस्ट, दोघे कॉन्झर्व्हेटिव्ह, एकच घटना, आणि तरी उत्तरं विरुद्ध. स्कॅलियांचा तर्क मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. दहा वर्षांपूर्वी लोपेझमध्ये त्यांनी ज्या मताला हात वर केला होता, त्याच्याशी तो मला जुळवता आलेला नाही.

सहावी पायरी: ‘आवडलं का’ आणि ‘बरोबर आहे का’ यांचे दोन रकाने

एक वही करा. प्रत्येक निकालाला दोन रकाने: धोरण म्हणून हे मला पटतं का, आणि कायदा म्हणून हे बरोबर आहे का. दोन्ही रकान्यांत दर वेळी एकच उत्तर येत असेल तर तुम्ही निकाल वाचत नसून स्वतःचं मत त्यात शोधता आहात. भाष्यकारांनाही हीच कसोटी लावा.

रेचमध्येच याचा धडा आहे. ओकॉनर यांनी लिहिलं की मी कॅलिफोर्नियाची मतदार असते तर त्या प्रस्तावाला मत दिलं नसतं, तरीही तो प्रयोग करायचा हक्क कॅलिफोर्नियाचा आहे. आणि स्टीव्हन्स यांनी ऑगस्ट २००५ मध्ये नेवाडातल्या वकिलांपुढे बोलताना सांगितलं की केलो आणि रेच या दोन्ही निकालांतून जे निघालं ते धोरण म्हणून मला शहाणपणाचं वाटत नाही, पण कायद्यानं मला तिथे नेलं. परस्परांविरुद्ध लिहिणाऱ्या दोन न्यायमूर्तींकडे ही एक गोष्ट समान होती.

आणखी दोन उदाहरणं वहीत घ्या. १९८९ मध्ये राष्ट्रध्वज जाळण्याला अभिव्यक्तीचं संरक्षण मिळालं ते ५ विरुद्ध ४ मतांनी. स्कॅलिया त्या पाचांत होते, जरी ध्वज जाळणारा माणूस त्यांना मुळीच आवडत नसे, आणि स्टीव्हन्स विरोधात होते. २००८ च्या हेलर निकालात स्कॅलियांनी बंदूक बाळगण्याचा वैयक्तिक हक्क मान्य केला तेव्हा उजवीकडे जल्लोष झाला. पण हार्वी विल्किन्सन या नामवंत कॉन्झर्व्हेटिव्ह न्यायाधीशांनी दीर्घ लेख लिहून सांगितलं की गर्भपाताच्या १९७३ च्या निकालाला आपण जी नावं ठेवतो, तीच चूक इथे आपण करतो आहोत. आपल्याच घरच्यांना असं सुनावणारे लेखक शोधा, आणि त्यांचं लेखन आधी वाचा.

सातवी पायरी: तारीख बघा, राष्ट्राध्यक्ष कोण ते बघा

१९८४ च्या शेव्हरॉन निकालानं ठरवलं की कायदा संदिग्ध असेल तर सरकारी खात्यानं लावलेला वाजवी अर्थ न्यायालयांनी मानावा. तेव्हा रेगन यांचं सरकार होतं, आणि ज्या नियमावरून वाद झाला तो पर्यावरण खात्याच्या प्रमुख ॲन गॉर्सच यांच्या काळातला होता. कॉन्झर्व्हेटिव्ह मंडळी खूश होती. स्कॅलियांनीही या तत्त्वाचं समर्थन केलं. पुढे तीच खाती दुसऱ्यांच्या हाती गेली, नियमांचं जंगल वाढलं, आणि शेव्हरॉन रद्द करणं हा उजव्यांचा ध्यास झाला. २८ जून २०२४ रोजी लोपर ब्राइट खटल्यात, हेरिंग मासे पकडणाऱ्यांच्या तक्रारीवरून, तो ६ विरुद्ध ३ मतांनी रद्द झाला. त्या सहांत ॲन यांचे चिरंजीव नील गॉर्सच होते आणि त्यांनी वेगळं सविस्तर मतही लिहिलं. एखाद्यानं मत बदललं म्हणून तो खोटा ठरत नाही. चाळीस वर्षांत अनुभवातून शिकलेलेही खूप आहेत. पण लेख कोणत्या वर्षाचा आहे हे न बघता वाचलात तर फसाल.

आठवी पायरी: नेमकं काय ठरलं, काय नाही

ही पायरी मराठी घरांच्या जवळची आहे. २० जानेवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी काढलेल्या आदेशानुसार, आई तात्पुरत्या व्हिसावर आणि वडील नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक नसतील, तर १९ फेब्रुवारीपासून अमेरिकेत जन्मणाऱ्या त्यांच्या बाळाला जन्मानं नागरिकत्व मानलं जाणार नव्हतं. एच-वन-बी वर गेलेल्या पुण्या-मुंबईच्या, नाशिक-नागपूरच्या कितीतरी जोडप्यांच्या पोटात गोळा आला. सिएटलच्या न्यायाधीशांनी, ज्यांची नेमणूक रेगन यांनी केली होती, तीन दिवसांत या आदेशाला स्थगिती दिली.

मग २७ जून २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा ६ विरुद्ध ३ निकाल आला आणि ‘ट्रम्प जिंकले’ अशा मथळ्यांनी अनेकांनी धसका घेतला. निकाल उघडून न्यायालयापुढचा प्रश्न वाचला असता तर दिसलं असतं की नागरिकत्वाबद्दल त्यात काहीच ठरलं नव्हतं. प्रश्न एवढाच होता की एका जिल्हा न्यायाधीशाला साऱ्या देशासाठी मनाई हुकूम काढता येतो का. बहुमतासाठी न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट यांनी बहुधा नाही असं उत्तर दिलं. बायडन यांच्या काळात टेक्ससमधल्या न्यायालयांकडून असेच देशव्यापी हुकूम कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षकारांनी मिळवले होते, हेही सातव्या पायरीचं उदाहरण म्हणून वहीत लिहून ठेवा.

मूळ प्रश्नासाठी चौदाव्या दुरुस्तीचं पहिलंच वाक्य वाचा. अमेरिकेत जन्मलेले आणि ‘तिच्या अधिकारक्षेत्राखाली असलेले’ सर्व नागरिक, असं ते आहे. वाद या अधिकारक्षेत्राच्या शब्दांवर आहे. १८९८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आई-वडिलांच्या पोटी जन्मलेल्या वाँग किम आर्क यांना न्यायालयानं नागरिक मानलं. बहुतेक लिबर्टेरियन आणि बरेच ओरिजिनॅलिस्ट तिथेच विषय संपला म्हणतात. दुसरे कॉन्झर्व्हेटिव्ह १८८४ च्या एल्क निकालाकडे बोट दाखवतात. त्यात एका मूलनिवासी माणसाला पूर्ण निष्ठा या देशाशी नव्हती म्हणून जन्मानं नागरिकत्व नाकारलं होतं. दोन्ही निकाल वाचा. वाँग यांचे आई-वडील तिथे कायमचे राहत होते की तात्पुरते, यावर निकालात काय म्हटलं आहे ते शोधा. सारा वाद त्या परिच्छेदांत आहे.

वाचायचं कुठे

सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर निकाल फुकट मिळतात. न्यायालयीन वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी सुरू होतं, आणि मोठे निकाल जूनच्या अखेरीस येतात. कॉन्झर्व्हेटिव्ह बाजूसाठी १९५५ पासूनचं नॅशनल रिव्ह्यू, लिबर्टेरियन बाजूसाठी १९७७ ची कॅटो इन्स्टिट्यूट आणि रीझन मासिक. १९८२ मध्ये विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या फेडरलिस्ट सोसायटीच्या सभांमध्ये या दोन्ही गटांचे लोक समोरासमोर वाद घालतात. ते वाद एकेकट्याच्या लेखांपेक्षा जास्त शिकवतात.

पण पहिल्या आठवड्यात यातलं काही उघडू नका. केलो खटल्याच्या २२ फेब्रुवारी २००५ च्या तोंडी युक्तिवादाचं ध्वनिमुद्रण ऐका, तासाभराचं आहे. सरन्यायाधीश रेन्क्विस्ट आजारी, स्टीव्हन्स यांचं विमान उशिरा, म्हणून त्या दिवशी अध्यक्षस्थानी ओकॉनर आहेत. त्या शहराच्या वकिलांना विचारतात की एखादं मोटेल सिक्स, म्हणजे स्वस्तातलं मोटेल आहे आणि शहराला वाटलं की तिथे रिट्झ-कार्लटनसारखं आलिशान हॉटेल आलं तर जास्त कर मिळेल, तर ते चालेल? वकील म्हणतात, हो, चालेल. ते उत्तर कानात असताना ओकॉनर यांचं भिन्नमत उघडा. तेच मोटेल तिथे तुमची वाट पाहत असेल.